सरळ पाहिलं की पाटील दिसत नाही

"सीधी पाह्य माह्याकडे! बोटं किती हायेत, सांग!"

पाटलाच्या खळ्यात आम्ही दहा बायका तूर निवडत होतो. सगळ्यांची सुपं थांबली. मी साठी ओलांडलेली, आणि हा पाटील चारचौघांत माझी परीक्षा घेत होता. गुन्हा एवढाच की सकाळी तो समोरून आला आणि मी उठून रामराम घातला नाही. दिसला नाहीत म्हणाले, आणि वर लगेच मातीत पडलेली सुई उचलली. झालं! हिला सुई दिसते, मग एवढा मोठा पाटील कसा दिसत नाही?

"बौद्ध झाली तवापासून माजली हे. आंधयी असल्याचं ढोंग करून राह्यली."

बायका हसल्या. त्यातल्या दोघी माझ्याच वस्तीतल्या. पोटासाठी हसल्या, हे कळत होतं. तरी चीड आली.

म्हणे ढोंग! अकोल्याच्या डॉक्टरने डोळे नीट तपासून सांगितलं होतं, "आजी, वयामुळे पडद्याचा मधला भाग झिजलाय. चष्मा, ऑपरेशन, कशाचाच उपयोग नाही. पण कडेची नजर राहील. मान जरा वळवून पाहायला शिका." रोज एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहायचे, एकाएकी वाकडे दिसले तर लगेच यायचं, हेही त्यानेच सांगितलं. म्हणून कडेला पडलेली सुई दिसते आणि समोरच्याचं तोंड पुसलं जातं. पण पाटलाला सांगणार कोण? अक्कल पेरून उगवत असती, तर त्याच्याकडे कोठार भरलं असतं.

गंमत बघा. माझी आई जन्मभर याच्या बापापुढे मान खाली घालून उभी राहिली. तेव्हा वर पाहणं हाच गुन्हा होता. आता त्याच बापाचा पोरगा म्हणतो, सरळ पाहा.

पाहिलं. पागोटं होतं, दोन कान होते. मधे काहीच नाही. मला हसूच फुटलं.

"पाटील, सीधं पाह्यलं त तुमी दिसतच नाई."

तो चिरकला, "उद्यापासून खयात पाय ठेवू नोको!"

"तुमी कायले सांगता? मीच येत नाई."

सूप तिथंच उपडं केलं आणि निघाले. घरी सून रडली, हातचं काम गेलं म्हणून. मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दारातल्या उन्हात बसून, भिंग घेऊन मी वस्तीतल्यांची डाळ निवडू लागले. आणि सगळ्यांना बजावलं, माझ्यापुढे येईल त्याने आधी नाव सांगायचं. नातवंडं सांगतात. शाळेचे मास्तरही सांगतात.

पाटील दारावरून मुकाट्याने जातो. त्याने नाव सांगितल्याशिवाय मी बोलणार नाही. आणि सांगितलं तरी उठणार नाही. बसूनच म्हणेन, जयभीम.