पुतळ्याची नाडी

मी फिजिक्सची पदवीधर. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी पहिली, आणि त्याचा मला अभिमान आहे. भूत, भानामती असलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण इथं वाचणाऱ्या कुणाकडे तरी उत्तर असेल...

गेल्या वर्षी मी साताऱ्यात एम.एस्सी. करत होते. मन लागत नव्हतं. ते सोडून सांगलीत नर्सिंगला जावं असं डोक्यात होतं, पण धीर होत नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, ऐकूनच भडकले होते. "एवढं शिकवलं ते लोकांचं हागणं-मुतणं काढाया व्हय?" तरी कॉलेज बघायला जाणार म्हटल्यावर घरून, पलूसहून सोबत आले. आत मात्र आले नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर तोंड फिरवून बसले.

माझी मैत्रीण सुषमा तिथं दुसऱ्या वर्षाला होती. तिनं प्रॅक्टिकलची खोली दाखवली. भर दुपार, खिडक्या उघड्या. कॉटवर प्लास्टिकचा पुतळा — आतून पोकळ, ना वायर ना मोटर. ड्रेसिंग, अंग पुसणं, सगळं त्याच्यावरच शिकवतात. सुषमा म्हणाली, "धर की हात त्याचा. नाडी बघताना अंगठा लावू नको, नायतर स्वतःचीच लागते."

मी तीन बोटं ठेवली... आणि ठोका लागला.

सरळ नव्हता. थोडे नीट, मग एक गाळलेला, मग पुढचे धडपडत, घाईघाईनं. डाव्या हातानं मी स्वतःचा गळा चाचपला. माझी नाडी जोरात होती, पण एकसारखी. सुषमानं पुतळ्याचा हात धरून बघितला, तिला काहीच लागेना. "लय टेन्शन घेतलंयस गं," म्हणून ती हसली.

मी सरळ बाहेर आले. आबांना म्हटलं, चला, मला नाही करायचं हे. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण उठताना त्यांनी टपरीचा खांब धरला. शर्ट घामानं चिंब. मी मनगट धरलं — तोच ठोका. तसाच गाळलेला, तसाच धडपडणारा.

आणि पुढं काय करायचं हेच मला कळेना. हात धरून नुसती उभी. माझ्या मागून आलेल्या सुषमानं त्यांना बसवलं, बटणं सैल केली, रिक्षा थांबवली. डॉक्टरांनी लगेच ॲडमिट करून घेतलं.

आबा बरे झाले, गोळ्या चालू आहेत. दवाखान्यातच मी त्यांना नर्सिंगलाच जाणार म्हटलं आणि पुतळ्याचंही सांगितलं. वाटलं, आता तरी हो म्हणतील. झालं उलटंच. म्हणाले, "मग तर तू अजाबात जाऊ नगंस. माझी नाडी तितं कशापायी गेली हुती?"

मी एवढंच म्हटलं, "आबा, पुतळ्यासाठी नाही जात. तुमचा हात धरून मी नुसती उभी राहिले, तसं परत उभं राहायचं नाही मला."

ॲडमिशनच्या वेळी आबांनी सही केली.

आता त्याच खोलीत माझं प्रॅक्टिकल असतं. पुतळा मी उलटापालटा करून बघितला, आत काही नाही. घाबरल्यावर बोटांना भास होतो म्हणतात. असेल. पण त्या भासाला आबांच्या नाडीची चाल कुठून कळली?

माझा नंबर आला की मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवते. काही लागत नाही. तरी बाहेर पडल्यावर आधी घरी फोन लावते. आई म्हणते, अगं आता कशाला फोन? मी म्हणते, सहज.