फळ्यावरचं इथं आणि तिथं

माझ्या मोबाईलवर रोज सकाळी दोन ठिकाणांचं हवामान दिसतं. एक आमच्या वर्ध्याचं, दुसरं माझी लेक नोकरीला असते त्या थंड देशातलं. तिथं बर्फ पडतोय हे वाचून मी इथं उकाड्यात पदराने वारा घेत तिला विचारते, स्वेटर घातलंस का? ती वैतागते. ही सवय मला तिच्यामुळे लागली असं तिला वाटतं. खरं तर ती मला दुसरीतल्या एका मुलीने लावली. निवृत्त होण्याआधीची शेवटची काही वर्षं मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहानशा शाळेत शिकवत होते, तेव्हाची गोष्ट.

पहिली-दुसरी एकाच खोलीत बसायची. परिपाठ झाला की प्रत्येकाने पाटीवर दोन वाक्यं लिहायची. एक हवेचं, एक मनाचं. खिडकीतून बघा आणि लिहा, मग आपल्याला काय वाटतं ते लिहा. सुरुवातीला सगळ्या पाट्यांवर एकच मजकूर असायचा. आज ऊन आहे. मला आनंद झाला. पाऊस असो, थंडी असो, अंगात ताप असो, आनंद झालेलाच. मी तशी तापट. एक दिवस भडकले आणि म्हणाले, "आता मी सांगीन तोवर या वर्गात कोणाले आनंद होणार नाई!"

मग मजा यायला लागली. एकाने लिहिलं, आज थंडी आहे. मला बैलाचा राग आला. दुसरा एक रोज लिहायचा, मला भूक लागली. अरे, भूक ही काही भावना नाही, असं समजावलं तर म्हणाला, "मॅडम, भूक लागली का मले रडू येते." त्याची भूक मी चालवून घेतली.

ती मुलगी खिडकीजवळ बसायची. अंगाने बारीक, दोन घट्ट वेण्या, बोलणं अगदी कमी. कापूस संपून शेतात पऱ्हाट्यांच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या. बाहेर लख्ख ऊन, आणि हिच्या पाटीवर, आज ढग आहेत. मला भीती वाटते.

"काऊन वं, कुठं दिसून राह्यले तुले ढग?"

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाटी तशीच ठेवली. पुढे एकदा इथं आभाळ गच्च भरून आलं, तर हिच्या पाटीवर कडक ऊन. पोरगी मला मुद्दाम चिडवते आहे, अशी माझी खात्रीच झाली.

उलगडा केला तिच्या आजीने. आजी आमच्याच शाळेत खिचडी शिजवायची. मधल्या सुट्टीत मी तक्रार घेऊन गेले, तर हातातला झारा तसाच धरून ती हसायला लागली.

"खोटं नाई लिहत ते, मॅडम. तिची माय मिरची तोडाले गेली तेलंगणात. सकाळी फोन येते, तिकडचं आभाळ सांगते. पोरगी तेच लिहत असन."

कापसाची वेचणी संपली की आमच्याकडच्या बाया टोळीने तिकडे मिरची तोडायला जातात. ऊन असलं की तोडणी झपाट्याने उरकते. ढग आले की मालक काम थांबवतो, कारण अंगणात वाळत घातलेला माल भिजतो. तोडणी लांबली की घरी येणं लांबतं.

"होळीले येतो म्हणून गेली," आजी म्हणाली. "आता ऊनच आणन तिले वापस."

दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या मधोमध एक रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं इथं, दुसऱ्या बाजूला तिथं. दुसरी बाजू रोज तिने भरायची. बघता बघता सगळा वर्ग त्या बाजूचा होऊन गेला. ती दारात दिसली की पोरं ओरडायची, "काय हाय वं तिकडे?" ऊन म्हटलं की टाळ्या पडायच्या. इथं सूर्य उगवला की नाही, याची कुणाला पर्वा नव्हती.

होळी जवळ आली. घरोघरी पोरं चाकोल्या थापायला लागली. शेणाच्या छोट्या चकत्या, मधे भोक, वाळल्या की दोरीत ओवून त्यांची माळ होळीत टाकायची. तिने दोन माळा केल्या, एक स्वतःची आणि एक मायची. आणि नेमका तेव्हाच तिकडे पाऊस आला. रोज फळ्यावर तिथंच्या खाली पाऊस. भूक लागणाऱ्या पोराने लिहिलं, तिथं पाऊस आहे. मला त्याचा राग आला. त्या दिवशी तो भूक लिहायची विसरला.

होळी झाली, माय आली नाही. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा पोरीच्या कानामागे गुलाल तसाच होता. फळ्यावर तिने लिहिलं, ऊन आहे. आणि पाटीवर, मला काही वाटत नाही. पाट्या मी मोठ्याने वाचून दाखवायचे, पण ती माझ्याने वाचवेना. मायची माळ तिने होळीत टाकू दिली नव्हती, आजीने सांगितलं. घरात खुंटीला टांगून ठेवली होती.

मग एका सकाळी परिपाठ चालू असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. उन्हाने रापलेली, काखेत मिरच्यांचं गाठोडं. गाडीतून उतरून घरी न जाता थेट शाळेत आली होती.

"मॅडम, येऊ का जराशी?" एवढं तिने विचारलं आणि गाठोड्याच्या वासाने अख्खा वर्ग शिंकायला लागला. प्रार्थना तिथंच मोडली.

पोरगी उठली, पण मायकडे गेली नाही. इतकी रुसली की काय?

ती फळ्याकडे गेली. तळहाताने तिने तिथं पुसलं, मग मी ओढलेली रेघही पुसली. खडू घेऊन इथंच्या खाली लिहिलं, माय आली. आणि मग धावत जाऊन तिने मायच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

बाहेर त्या दिवशी ऊन होतं की ढग, मला आठवत नाही. मी वर्गाला सांगितलं, "आज कोणाले आनंद झाला तं चालन." सगळ्या पाट्यांवर पुन्हा तोच एक मजकूर आला. मी एकही खोडला नाही.