विद्यार्थी कृती: रोशन चुकेल

किस्से गोळा करावे लागत नाहीत. आमच्या बी.एड. कॉलेजची गाडी चालवा, आपोआप साठतात. मागे बसलेले भावी शिक्षक बोलत राहतात, मी गिअर बदलत राहतो. मी नववीतून शाळा सोडलेला.

*

सरावपाठात शिकवणारे बी.एड.चे आणि विद्यार्थी म्हणून बसणारेही बी.एड.चेच! प्रश्न संपायच्या आत दहा हात वर. आमचे प्राध्यापक बिसेन सर वैतागले. "ज्याले येते त्यालेच शिकवून राहिले तुमी! बाहेरून रोशनले आना. त्याले खरंच येत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून शेवटचा बाक माझा.

*

शाब्बासकी देण्याचं कौशल्य असतं. मागे बसून कोणीतरी शाब्बासक्या मोजतो. शिकाऊ रहांगडाले सरांनी मला सहा मिनिटांत नऊ वेळा "शाब्बास" म्हटलं. मी तोंडच उघडलं नव्हतं!

शेरा आला: उत्तम.

*

अपूर्णांकाचा पाठ सगळ्यांचा आवडता. "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" मी म्हणायचो, चतुर्थांश. मग कागदाच्या पट्ट्या निघायच्या आणि मला समजावलं जायचं. पुढे पुढे तर पाठाच्या वहीत 'विद्यार्थी कृती' या रकान्यात आधीच लिहिलेलं असायचं: रोशन चुकेल.

तीन वर्षं पट्ट्या बघितल्यावर कोणाला समजणार नाही? पण माझं काम चुकायचं होतं.

*

समुपदेशनासाठी प्रत्येकाला शाळा सोडलेल्या एकाची नोंद हवी असते. असा कोणी शोधायला नवेगाव बांधपर्यंत कशाला जायचं, ड्रायव्हर आहेच! एका वर्षी माझ्यावर पाच नोंदी झाल्या. गरिबी, न्यूनगंड, वाईट संगत. एकीत वडिलांचं दारूचं व्यसन. माझे बाबा सुपारीसुद्धा खात नाहीत.

'समुपदेशक बोलत नाही, ऐकतो' हे वाक्य मात्र पाचही वह्यांच्या पहिल्या पानावर होतं.

विचारलं फक्त त्या वर्षीच्या शिकाऊ कटरे मॅडमनी. "शाळा काऊन सोडली, रोशनभाऊ?"

सांगितलं. गणिताच्या सरांनी उभं केलं, उत्तर आलं नाही. ते 'बस' म्हणायला विसरले. घंटा होईपर्यंत मी उभा. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, आणि का आला नाही हे विचारायला घरी कोणी आलं नाही.

मॅडमनी वहीत काही लिहिलं नाही. आठवड्याने बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला. मी तो गाडीच्या खणात ठेवला. त्याची मुदत कधीच गेली.

*

कटरे मॅडमचा परीक्षेचा पाठ. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या शेजारी मॅडमची पाठाची वही घेऊन बसलेले. पाठ अपूर्णांकाचाच.

"रोशनभाऊ, कोणता मोठा?"

मॅडमचे मार्क जाऊ नयेत म्हणून मी उभा राहून ठरलेलं उत्तर दिलं. चतुर्थांश.

मॅडमनी पट्ट्यांना हात लावला नाही. परीक्षकांनी वहीचं पान उलटून बघितलं.

"तुमाले येते, रोशनभाऊ. मी थांबते."

उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण वहीत 'रोशन चुकेल' होतं. दारातून बिसेन सर हळूच म्हणाले, "कटरे, पट्ट्या." त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. परीक्षकांनी घड्याळ बघितलं, काहीतरी लिहिलं.

घंटा झाली. मॅडम मला 'बसा' म्हणाल्या नाहीत; विसरल्या नव्हत्या, थांबल्या होत्या.