नदीपलीकडचा जन्म

गोवा घटकराज्य झालं तेव्हा पेडण्याच्या बाजारात पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो.

त्या वेळी मी बाजारातल्या एका लहानशा वर्कशॉपात पंपांच्या मोटरी रिवाइंड करायला शिकत होतो. जळलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश लावून सुकवायची. मालकाला आम्ही मेस्त म्हणायचो. तो चहा आणि बसभाडं द्यायचा, पगार नाही. हात बसला की ठेवून घेईन, म्हणायचा. हात बसला, पण ठेवून घेण्याची त्याची ऐपत नव्हती, हेही खरं.

अशात सरकारची योजना आली. लहान धंदेवाल्याने शिकाऊ उमेदवार ठेवला तर त्याचं अर्धं विद्यावेतन सरकार देणार. मेस्त एवढा खूश झाला की मला स्कूटरवर मागे बसवून स्वतः कचेरीत घेऊन गेला. मी तर मनातल्या मनात कामाला लागलोही होतो.

कारकुनाने माझा जन्मदाखला पाहिला आणि परत सरकवला.

"तुजो जल्म आरोंद्याचो. म्हळ्यार म्हाराष्ट्राचो. हें फकत गोंयकारांक."

आमचं घर पेडण्यातलं, पणजोबांच्याही आधीपासूनचं. पण आई तेरेखोल नदीपलीकडच्या आरोंद्याची, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. ती फेरीबोटीने गेली आणि मला पदराखाली घेऊन परत आली. तेवढ्यात मी परराज्यातला झालो! पंचायतीचा दाखला नेला, शाळेचा नेला, पण कारकून ढिम्म हलला नाही.

"तुका काडूंक ना रे," मेस्त म्हणाला. "पूण सरकार तुजे पयशे दिना, हांव खंयसून हाडूं?" पैसे कुठून आणायचे, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता.

माझ्या जागी दुसरा मुलगा आला. तो वाढला सगळा सावंतवाडीत, पण त्याच्या आईचं माहेर पेडण्याचं, म्हणून जन्म इथला. कचेरीच्या लेखी तो अस्सल गोंयकार. तार कशी भरायची हे त्याला शिकवायचं काम मेस्ताने माझ्यावरच टाकलं. मी हातातलं काम खाली ठेवलं आणि घरी आलो. पुढे मुरगावच्या बंदरात मिळेल ते काम केलं. मोटरीला पुन्हा हात लावला नाही.

राग काढायला सरकार घरात सापडत नव्हतं, आई सापडली. नको नको ते तिला बोललो.

"माका काय ठावक होता, उद्या कागद बघतले म्हणान?" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिने माहेरी जाणंच कमी केलं.

माझी बायकोही नदीपलीकडचीच. सातव्या महिन्यात तिची आई तिला न्यायला आली, तर माझ्या आईने सुनेला पाठवायला साफ नकार दिला. विहीणबाई संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिल्या आणि शेवटच्या फेरीबोटीने एकट्याच परत गेल्या. बायको माझ्याकडे बघत होती. पण आईचं मला पटलं होतं.

कळा सुरू झाल्यावर ती आतून सारखी आपल्या आईला हाका मारत होती. मला ऐकवेना. मी दवाखान्याच्या बाकावरून उठलो, तशी आईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"रडांदे तिका," ती म्हणाली. "पोर तरी गोंयात जल्मतला."