शिआनला तिला जायचं होतं

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. पोराजवळ नाही, भन्तेजींजवळ नाही, विहारातल्या बायांजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलते. शाळा माझी चौथीपर्यंत. जमेल तसं लिहीन. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

मी चीन पाहून आले आहे. आमच्या आसगावात हे अजून कुणाला खरं वाटत नाही. माझा मुलगा प्रशील तिकडे शिआन नावाच्या जुन्या शहरात एका कंपनीत कामाला होता. त्यानं मला सगळं फिरवलं. शहराभोवतीचा कोट दाखवला. एवढा रुंद, की वर लोक सायकली चालवतात. आमच्या तालुक्याच्या पवनीलाही परकोट आहे, पण त्याच्यावर शेळ्या चढतात. भर चौकात, गाड्यांच्या गर्दीत उभा असलेला घंटेचा मनोरा पाहिला. जमिनीतून काढलेले मातीचे शिपाई पाहिले, ओळीच्या ओळी. मुलगा म्हणाला, "बाई, पाह्य, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही." मी म्हटलं, "माणसायचं तरी कुठं असते?" तो हसला. माझे पाय दुखत होते. कधी एकदा बसायला मिळतं, असं झालं होतं.

पाहिलं सगळं. पण हे सांगायला मी बसले आहे का? नाही. मी त्या कोटावरून नुसती गोल फिरते आहे.

माझी जाऊ होती, गोदा. माझ्या दिराची बायको. दीर लवकर गेला, तिला मूलबाळ नाही, ती आमच्यातच राहिली. पुढे माझे मालकही गेले. मग घरात आम्ही दोघीच. ती मला बाई म्हणायची, आमच्याकडे थोरल्या जावेला तसंच म्हणतात. प्रशील जन्मला तेव्हा मला मुदतीचा ताप आला. उठवत नव्हतं, दूध आटलं. गोदा तेव्हा नवी नवरी. तिनं त्याला गाईच्या दुधावर वाढवलं, रात्रंदिवस कडेवर घेतलं. मी बरी होऊन उठले तोवर तो तिला चिकटला होता. बोलायला लागला तेव्हा तिला माय म्हणाला. आणि मला? ती हाक मारायची तीच—बाई.

सगळे हसायचे. मीही हसायची. किती वर्षं हसावं माणसानं?

गोदा विहारात जायची, मी कामापुरती जायची. तिथं तिनं भन्तेजींकडून ऐकलं होतं की, फार पूर्वी चीनचा एक भिक्खू पायी आपल्या देशात आला, ग्रंथ घेऊन परत गेला, आणि ते ठेवायला तिकडे मोठा मनोरा बांधला. ही गोष्ट ती प्रशीलला लहानपणी जेवण भरवताना सांगायची. "कसा गेला असंन वो बाई एवढ्या दूर?" असं मलाही विचारायची. मला काय माहीत? प्रशीलला नोकरी नेमकी त्याच शहरात लागली. गोदानं त्या दिवशी शेजारपाजारी गूळ वाटला.

त्यानं आम्हा दोघींचे पासपोर्ट काढून ठेवले होते. मग एक दिवस त्याचा फोन आला. फोन माझ्याजवळ असायचा. तो म्हणाला, "बाई, माही खोली लहान हाय. एका खेपेले एकच जण येऊ शकते. या खेपेले मायले आणतो. तिले इचार, कधी येते. तुले पुढच्या खेपेले."

आमच्या घराबाहेर कुणालाही विचारा, पोरानं मायला बोलावलं म्हणजे कुणाला बोलावलं? जन्म दिला तिलाच ना? आमच्या घरात मात्र त्या शब्दाचा अर्थ वेगळा होता, आणि तो मला चांगला ठाऊक होता. ऐकण्यात चूक झाली, असं मी म्हणणार नाही. चूक झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, "गोदा नाही म्हणते. इमानात बसाचं भेव वाटते तिले."

तो म्हणाला, "दे तिले फोन." मी म्हटलं, शेतात गेली. नंतर म्हटलं, विहारात गेली. तो मागत राहिला, मी सांगत राहिले. शेवटी म्हणाला, "मंग तूच ये, बाई." गोदाला मी एवढंच म्हटलं, प्रशीलनं मला बोलावलं आहे.

तिचा चेहरा तेव्हा कसा झाला—मी पाहिला नाही. चुलीकडे तोंड करून बोलले होते मी. तिचा आवाज ऐकला. "जाय नं वो बाई. पोराले आठवण आली असंन. फक्त तिकडच्या लोकायले शिव्या नोको देजो." मग थोड्या वेळानं, "त्या मनोऱ्यापाशी माह्या नावानं वंदन करजो."

तिनंच माझी पिशवी भरली. फोन मी तिच्याजवळ ठेवून गेले.

आता त्या भिक्खूच्या मनोऱ्याचं सांगते. विटांचा आहे, उंच, मजल्यावर मजले, वर निमुळता होत गेलेला. जरासा कलला आहे म्हणतात. मला सरळच दिसला. खाली बुद्धाची मूर्ती, उदबत्त्यांचा धूर, शाळेची पोरं, फोटो काढणारी माणसं. प्रशील म्हणाला, "थांब, मायले दाखवू." आणि मी काही बोलायच्या आत त्यानं फोन लावला. तिचं तोंड समोर दिसलं. मागे आमची पडवी, दोरीवर माझंच लुगडं वाळत घातलेलं.

तो म्हणाला, "काहून नाही आली वो माय? बाई म्हणे तुले इमानाचं भेव वाटते."

मला वाटलं, फोन बंद पडला. पडला असता तर बरं झालं असतं. पण ती पापणी हलवत होती. पाहत होती ती—माझ्याकडेच. मी त्याच्या खांद्याशी उभी होते ना.

मग ती हसली. "हो रे बाबू. भेलीच मी. एवढ्या उंच कोन जाते? बाईचं काळीज दगडाचं हाय, तिले काय होते?" आणि लगेच, "तोंड काय दाखवतं, मनोरा दाखव मले."

त्यानं फोन वर धरला. ती खालून वरपर्यंत पाहत राहिली असेल. मला दिसत नव्हतं. तिच्या नावानं वंदन मी केलं नाही. हात जोडले गेले नाहीत, एवढंच.

परत आले तेव्हा ती बसथांब्यावर उभी होती. पिशवी माझ्या हातातून घेतली. घरी आल्यावर विचारलं, "आत जाता येते का वो त्या मनोऱ्यात?" मी म्हटलं, येते. "तू गेलती?" नाही म्हटलं, पाय दुखत होते. "जाची होती," ती म्हणाली.

त्याच्यावर पुढे एक शब्द नाही. आम्ही भांडलो नाही असं नाही. कोंबड्यांवरून भांडलो, मिठावरून भांडलो, टीव्हीवरून भांडलो. दर भांडणात मला वाटायचं, आता बोलेल. बोलली असती तर मी तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलले असते, आणि संपलं असतं एकदाचं. ती बोलली नाही. मी बोलू शकत होते. रोज एका ताटाशी बसत होतो—कोण अडवत होतं मला?

पुढची खेप झाली नाही. प्रशीलचं तिकडचं काम संपलं, तो नागपूरला आला, लग्न झालं. गोदाचे गुडघे गेले, मग डोळे गेले. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात प्रशील बोलायला उभा राहिला. म्हणाला, "माही माय कोनालेच नाही भेली. धानाच्या बांधीत साप निघाला तं शेपटी धरून फेके. एका इमानालेच भेली, नाही तं चीन पाहून आली असती." माणसं हसली. प्रेमानंच हसली. बाया डोळे पुसत माना हलवत होत्या. मी पुढच्याच ओळीत बसले होते. उठून सांगायला किती वेळ लागला असता? ती भ्यायली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी उठले नाही.

त्यानं तिला निडर म्हटलं, आणि तिच्या नावावर जी एक भीती लावली, ती मी दिलेली आहे.

परवा नात सुट्टीला आली होती. अंगणात शेजारच्या पोरीला सांगत होती, आमची गोदाआजी साप पकडायची, पण विमानाला भ्यायची. मी तांदूळ निवडत होते. ऐकलं. निवडत राहिले.