साडूचा दहावा गुण

भिंगकाकांचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नसे. खेळाडूंची जुनी छापील कार्डं भिंगाखाली धरायची, कोपरे, कडा, छपाई तपासायची आणि दहापैकी गुण द्यायचे, हे त्यांचं काम. मग ते कार्ड त्या गुणांसकट प्लॅस्टिकच्या डबीत बंद होई. दहा द्यायचे म्हणजे काकांचा चेहरा दात उपटून घेतल्यासारखा होई. बाकी माणूस लोण्याहून मऊ.

नियम एकच होता. कार्डावर मालकाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. तरीही ते नातेवाइकाचं आहे असं कळलं, तर फॉर्म भरून बाजूला ठेवायचं.

मंगळवारी हवेत आडवा झालेला एक गोलकीपर टेबलावर आला आणि काकांनी भिंग खाली ठेवलं. हाच गोलकीपर काकांचे साडू गेली पंधरा वर्षं प्रत्येक जेवणानंतर, हात धुऊन, पुसून, सगळ्यांना दाखवत. ‘यंदा तुमच्याकडेच पाठवलाय हं,’ असं परवाच डोळा मारून सांगून गेले होते. काकांनी फॉर्म भरला: साडूंचं नाव, नातं, खाली सही.

विभागप्रमुख बाईंनी तो वाचला, नंबरापुढे मालकांची नावं असलेली वही चाळली.

“काका, हे दुसऱ्याच कुणाचं आहे. तुमच्या साडूंचं गेल्या गुरुवारी झालं.”

“कुणी केलं?”

“तुम्हीच. नऊ दिलेत.”

काका मटकन बसले. म्हणाले, “ते रद्द करा. दुसऱ्या दोघांना दाखवा.”

“अहो, ओळखलंच नाहीत तर पक्षपात कसला?”

“ओळखलं की नाही, हेच कळलं असतं तर असा बसलो असतो का, बाई?”

डबी फोडली. दोघांनी वेगवेगळं पाहिलं. दोघांनीही दहा दिले.

रविवारी काका बायकोला घेऊन साडूंकडे गेले आणि प्रामाणिकपणाच्या भरात सगळं सांगून बसले. साडूंनी नवी डबी त्यांच्यापुढे सरकवली.

“म्हणजे परके दहा देतात आणि घरचा माणूस नऊ.”

“तुमचं आहे हे मला माहीतच नव्हतं हो.”

“पंधरा वर्षं बघताय,” काकांची बायको म्हणाली. “डोळे मिटून बघत होतात का?”

मेव्हणीने शांतपणे विचारलं, “भाऊजी, एवढंच सांगा. ओळखलं नाहीत, की ओळखून एक कापलात? म्हणजे यांनी कशाचं वाईट वाटून घ्यायचं ते ठरवता येईल.”

काकांनी गुरुवार आठवून पाहिला. चहा आठवला, बंद पडलेला पंखा आठवला. गोलकीपर काही आठवेना. की आठवत होता, आणि म्हणूनच हात आखडला होता? त्यांनी खिशातून भिंग काढलं. कार्डाची वरची किनार डावीकडे केसभर जाड होती. की ती डबीची सावली होती?

“किती?” साडूंनी मान पुढे काढून विचारलं.

“नातेवाइकाचं आहे,” काका म्हणाले. “मी हात लावणार नाही.”

डबी त्यांच्या हातातच होती.