म्हात्रे सरांची सही

म्हात्रे सर विद्यार्थ्याचं जर्नल हातात घेतलं की उद्देश, साहित्य, कृती यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. थेट निरीक्षणावर यायचे आणि समासात लाल पेनाने एकच प्रश्न लिहायचे : ‘कुठे दिसलं?’ पहिल्या वर्षाची मुलं या प्रश्नाने रडकुंडीला येत. पुस्तकातलं सगळं बरोबर उतरवूनही सही का मिळत नाही, हे त्यांना कळायचं नाही. सर म्हणायचे, “पुस्तकात काय हाय ते मला ठाऊक हाय. तुला काय दिसलं ते सांग. इंग्रजी चुकलं तरी चालेल.”

रोह्याच्या त्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राचे आम्ही दोघेच. वनस्पतींचा भाग ते घेत, प्राण्यांचा मी. मी पेणला गाडीत बसायची, ते कासूला चढायचे. उंच, सावळे, आवाज खाडीपलीकडे हाक मारावी असा. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. घरातले शिकलेले सर पहिलेच. ते मला पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणत, आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही माझ्या तासाला कधी न विचारता आत येत नसत.

आमच्याकडे जर्नलं वारशाने चालत. थोरल्या बहिणीचं धाकटीकडे, तिचं शेजारणीकडे. एका वर्षी कांद्याच्या मुळाचं टोक काचेवर दाबून पेशी बघण्याच्या प्रयोगात निम्म्या वर्गाने ‘ओनियन’च्या जागी ‘युनियन’ असं स्पेलिंग उतरवून काढलं होतं. सरांनी ती सगळी जर्नलं टेबलावर रचली आणि शांतपणे विचारलं, “हे युनियनचं मूळ तुम्हाला कुठल्या कंपनीच्या गेटवर गावलं?” वर्ग हसला. सर हसले नाहीत.

त्याच प्रयोगात एका मुलाने लिहिलं होतं, ‘मूळ जास्त चिरडलं गेलं. पेशी दिसल्या नाहीत. हवेचा एक बुडबुडा दिसला.’ सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर्गाला ते निरीक्षण वाचून दाखवलं. “बुडबुडा दिसला तर बुडबुडा लिव्हा. त्यात लाज कसली? लाज हाय ती न बघता लिहिण्यात.”

मी लागल्यानंतर काही वर्षांनी त्यांनी तपासण्याची पद्धत बदलली. मुलांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काय दिसतंय ते मोठ्याने सांगायचं. सर शेजारी उभे राहून ऐकायचे, मध्येच विचारायचे, “कडा कशी हाय? रंग कुठं गडद हाय?” मग स्वतः एकदा डोळा लावायचे आणि म्हणायचे, “छान. लिही.” मुलंही बोलती झाली. कॉलेजच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी या पद्धतीचं कौतुक केलं. प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना ती वापरायला सांगितली. मीही वापरू लागले.

सुप्रिया ही खांब गावची मुलगी. शेतकऱ्याच्या घरातली, अभ्यासू आणि अतिशय घाबरट. परीक्षेआधीच्या प्रात्यक्षिकात तिची मुळं एकामागून एक चिरडली. तास संपत आला तेव्हा स्लाइडही हातातून सुटून फुटली. तेवढ्यात सर तिच्या टेबलाशी आले. भीतीने तिने रिकाम्या सूक्ष्मदर्शकालाच डोळा लावला आणि पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं. गुणसूत्रं मधोमध रांगेत, पेशीच्या भिंती सरळ, रंग लाल. सरांनी नेहमीसारखा डोळा लावला. नेहमीइतकाच वेळ लावला. म्हणाले, “छान. लिही.” आणि सही केली.

दुसरी कुणी असती तर सुटले म्हणून पळाली असती. ही माझ्यापुढे येऊन रडू लागली.

“मॅडम, खाली स्लाइडच नव्हती. नुसता उजेड होता. सरांनी बघितलं आणि छान म्हणाले.”

“घाईत असतील.”

“नाय मॅडम. सर घाई करत नायत.” मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “सरांना दिसत नाय का?”

संध्याकाळी गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. नागोठण्याला डबा बराच रिकामा झाला. तेव्हा मी म्हटलं, “सर, आज सुप्रियाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड नव्हती.”

सर खिडकीकडे तोंड करून होते.

“नव्हती?”

“नव्हती.”

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “उजव्या डोळ्यानं दिवाळीपासून काय दिसत नाय. डाव्यात काळं जाळं फिरतं. साखर डोळ्यात उतरली. पनवेलच्या डॉक्टरनं लेसर करायला सांगितलं व्हतं, लवकर या म्हणाला. नाय गेलो.”

“घरी काय म्हणतात?”

“घरी सांगितलं नाय. तुम्हीही बोलू नका.” कासू जवळ आलं तसे ते उठले. दाराच्या दांड्याला धरून एक पाय खाली सोडला, बुटाने फलाट चाचपला आणि मग उतरले. इतकी वर्षं ते रोज माझ्यासमोर उतरत होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्या वर्गाला बसवून सर स्वतः उभे राहिले. म्हणाले, “पोरांनो, मला सूक्ष्मदर्शकातलं दिसत नाय. या वर्षी तुमच्या जर्नलवर ज्या सह्या केल्या त्या न बघता केल्या. तुमची चूक नाय. ती सगळी प्रात्यक्षिकं आपण पुन्हा करू. बघतील मॅडम. सही त्यांची घ्या.” एवढं बोलून ते स्टुलावर बसले. पोरं एकमेकांकडेही बघेनात.

प्राचार्य चिडले. “आधी माझ्याकडे यायचं. पोरांना कशाला सांगायचं?” सर फक्त म्हणाले, “सह्या पोरांच्या वहीत व्हत्या.”

पुढचे काही आठवडे मुलं सुट्टीच्या दिवशीही आली. मी डोळा लावून बघायची, सर शेजारी बसायचे. सुप्रियाला या वेळी विभागणारी पेशी सापडली, खरोखरची, जराशी तिरपी. तिने पुस्तकासारखी सरळ न काढता तशीच तिरपी काढली. मी सही केली. सरांनी तिला काही विचारलं नाही. त्या वर्गाचा निरोप समारंभ झाला आणि त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

इथवरची हकिकत रोह्याला पुष्कळांना माहीत आहे, आणि ती अभिमानाने सांगितली जाते. पुढची कुणी सांगत नाही.

लेसर झालं, पण फार उशिरा. उजवा गेलाच होता, वर्षाच्या आत डावाही गेला. मग मूत्रपिंडं. आठवड्यात ठरलेल्या वारी पेणला डायलिसिस. मी अधूनमधून कासूला उतरायची. सर ओटीवर भिंतीला टेकून बसलेले असायचे. सुरुवातीला कॉलेजची चौकशी करायचे, नंतर तीही थांबली. माजी विद्यार्थी भेटायला आले तर बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, सांगायचे, “झोपलोय म्हणून सांग.” एकदा मी सुप्रियाला घेऊन गेले. तिला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. ती पाया पडली, भरभरून बोलली. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उशीर होईल तुला. गाडी बघ.”

त्यानंतरच्या एका भेटीत मात्र ते आपणहून बोलले. “मॅडम, माणसं आवाजानं वळखतो. पण तोंडं जुनीच दिसतात. बायको मला अजून तेव्हाचीच दिसते. ती आता कशी दिसते ते मला कधीच कळायचं नाय.” काकी आत भाजी चिरत होत्या. विळीचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

गणपतीच्या आधी, पेणचे रस्ते मूर्तींच्या टेम्पोंनी भरलेले असताना, डायलिसिसच्या खाटेवरच सर गेले.

तेराव्याला कॉलेजातले सगळे आले होते. अंगणात खुर्च्या मांडून प्राचार्य बोलले. सरांसारखा निर्भीड माणूस होणे नाही, असं ते म्हणाले. मी आत काकींजवळ बसले होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. काकींनी डोळे पुसले नाहीत.

“निर्भीड म्हनतात त्यांना,” त्या म्हणाल्या. “भित्रे व्हते गो बाय. डाक्टरला भ्यायचे. सुई बघितली का घाम फुटायचा. म्हनून तर लेसरला गेले नायत. मला डोळ्याचं कधी कळलं, ठाव हाय? वर्गात सांगितल्यावर. गावातल्या पोराच्या आईनं रस्त्यात विचारलं, सरांना दिसत नाय म्हनं? मी म्हटलं, छे.” त्यांनी बाहेर अंगणाकडे बघितलं. “आधी बोलले असते तर हाताला धरून नेले असते मी. रडत नेले असते, पन नेले असते.”

बाहेर टाळ्या वाजवाव्यात की नाही अशा घोटाळ्यात दोन-तीन माणसांनी वाजवल्या आणि ती थांबली.

“तू शिकवतेस ना तिथं,” काकी म्हणाल्या. “पोरांना त्यांचं सांगशील तेव्हा ह्ये पन सांग. नुसतं चांगलं नको सांगू.”

मी दर वर्षी सांगते. सुईचं सांगितलं की मागच्या बाकावरची एकदोन मुलं हसतात. काकींना रस्त्यात विचारलं त्याचं सांगितलं की हसत नाहीत.